हिपॅटायटिस बीची तपासणी लोकांपर्यंत कशी न्यावी : यकृताचा कर्करोग टाळण्यासाठी कार्यकर्त्यांना मार्गदर्शन

हिपॅटायटिस बीविषयी जनजागृती करायचे ठरले, की बहुतेक ठिकाणी आधी फलक छापले जातात, वक्ता ठरवला जातो आणि सभागृह घेतले जाते. या मार्गदर्शनाची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली आहे. एखाद्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर त्याने दुसऱ्या दिवशी कोणत्या रुग्णालयात, कोणत्या डॉक्टरांकडे आणि किती वाजता जायचे, याचे उत्तर ज्या गटाकडे तयार नाही, त्या गटाने लोकांना तपासणीला बोलावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नुसता कागद हातात देऊन माणसाला वाऱ्यावर सोडले, तर तो घाबरून घरी बसतो, कोणाशी बोलत नाही, आणि त्याची झालेली परवड पाहून त्याच्या ओळखीतले लोकही तपासणीपासून लांब राहतात.

आधी स्वतः समजून घ्यायच्या गोष्टी

हिपॅटायटिस बी हा यकृताला होणारा विषाणूजन्य संसर्ग असून यकृताच्या कर्करोगाच्या जगभरातील प्रमुख कारणांमध्ये त्याची गणना होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना हा संसर्ग दीर्घकाळ जडलेला होता आणि त्या एका वर्षात सुमारे ११ लाख लोक त्यामुळे, मुख्यतः सिरॉसिस आणि यकृताच्या कर्करोगाने, दगावले. कार्यकर्त्याने मात्र याच अहवालातला दुसरा आकडा अधिक लक्षात ठेवावा : संसर्ग असलेल्यांपैकी जेमतेम १३ टक्के लोकांचे निदान झाले होते आणि उपचार फक्त ३ टक्क्यांच्या आसपास लोकांना मिळत होते. लस आहे, विषाणूला आवर घालणाऱ्या गोळ्या आहेत, निदान साध्या रक्ततपासणीने होते. तरीही अनेक जण अगदी शेवटच्या टप्प्यावर डॉक्टरांपर्यंत पोहोचतात, कारण मधली काही दशके हा आजार कोणताही त्रास जाणवू देत नाही.

विषाणू यकृताच्या पेशींमध्ये ठाण मांडतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशींवर पुन्हा पुन्हा हल्ला करते, त्यातून सूज येते, व्रण साचत जातात आणि यकृत हळूहळू टणक होते. या अवस्थेला सिरॉसिस म्हणतात. शिवाय या विषाणूचा डीएनए थेट आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये शिरू शकतो, त्यामुळे हिपॅटायटिस बीमध्ये सिरॉसिस झालेला नसतानाही कर्करोग उद्भवू शकतो. ‘मला कधी कावीळ झाली नाही, मग मी का तपासू?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्याचे उत्तर असे द्यावे, की दीर्घकालीन संसर्ग असलेल्या बहुतेकांना सुरुवातीला कावीळ झालेलीच नसते, आणि ज्याला कावीळ होते त्यालाही ती हिपॅटायटिस बीमुळेच झाली असे सांगता येत नाही. डोळे पिवळे होण्याची वाट पाहणे म्हणजे निदानाची वेळ हातची घालवणे होय.

संसर्ग कोणत्या वयात झाला यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. जन्माच्या वेळी किंवा तान्हेपणी संसर्ग झालेल्या सुमारे ९५ टक्के बालकांमध्ये तो कायमचा राहतो, तर प्रौढपणी संसर्ग झालेल्यांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी लोकांमध्ये तो टिकून राहतो. ही एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याच्या तोंडी असली पाहिजे, कारण या आजाराभोवतीची लाज तिच्यामुळे बरीच कमी होते. चाळिशीतल्या माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की घरात पहिली शंका त्याच्या वागण्यावर घेतली जाते. प्रत्यक्षात तो संसर्ग त्याला जन्मतःच, आईला स्वतःलाही ठाऊक नसताना, मिळालेला असण्याची शक्यता मोठी असते. हे सांगताना दोष आईकडे सरकणार नाही, याची काळजी घ्यावी. ‘आईमुळे झाला’ असे न म्हणता ‘जन्माच्या वेळी झाला’ असे म्हणावे.

बोलावण्याआधीची जुळवाजुळव

जनजागृतीच्या कामातला सर्वाधिक वेळ येथे जायला हवा. सर्वप्रथम हिपॅटायटिस बीच्या रुग्णांवर उपचार करणारे जवळचे डॉक्टर आणि रुग्णालय कोणते, हे शोधून त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलून घ्यावे. आम्ही अमुक दिवशी तपासणी घेणार आहोत, त्यातून काही रुग्ण तुमच्याकडे येतील, त्यांना कोणत्या वारी पाठवावे, सोबत कोणते कागद द्यावेत आणि पहिल्या भेटीत साधारण किती खर्च येईल, हे सारे विचारून लिहून घ्यावे. त्यानंतर प्रयोगशाळा ठरवावी : रक्त कोण काढणार, नमुने कोण नेणार, रिपोर्ट किती दिवसांत आणि कोणाच्या हातात येणार. तिसरी गोष्ट लशीची. निगेटिव्ह आलेल्या माणसाला लस कोठे मिळेल, हे ठाऊक नसेल तर त्याची तपासणी अर्धीच राहते.

चौथी गोष्ट गोपनीयतेची. नावांची यादी कोणाकडे राहील, ती किती जण पाहतील आणि काम संपल्यावर तिचे काय करायचे, हे लेखी ठरवावे. रिपोर्ट मोबाइलच्या सामूहिक गटावर टाकणे, एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती पाठवणे, किंवा कामावर घेणाऱ्याला निकाल कळवणे यांपैकी काहीही होणार नाही, असे सर्व स्वयंसेवकांकडून आधीच कबूल करून घ्यावे. एकाच माणसाचा निकाल बाहेर फुटला, तरी त्या वस्तीत पुढची कित्येक वर्षे तपासणीला माणूस मिळत नाही.

कोणाशी, कोठे आणि कोणत्या शब्दांत

मोठ्या सभेत लोक ऐकतात, पण प्रश्न विचारत नाहीत. पंधरा-वीस जणांच्या बैठकीत, ओळखीच्या माणसांमध्ये आणि त्यांच्या सोयीच्या वेळी बोलल्यास खरी भीती बाहेर येते. स्त्रियांची आणि पुरुषांची वेगळी बैठकही घ्यावी, कारण लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गाविषयीचे प्रश्न एकत्र बैठकीत सहसा विचारले जात नाहीत. माहिती देणारा माणूस त्याच समाजातला असेल तर उत्तम. डॉक्टर सोबत असावेत, पण बोलण्याची सूत्रे त्यांच्याकडे न देता शंकांची उत्तरे देण्यासाठी असावेत. स्वतःचा संसर्ग उघडपणे सांगायला तयार असलेली आणि उपचार घेऊन नीट कामधंदा करणारी एखादी व्यक्ती भेटली, तर तिच्या दहा मिनिटांच्या बोलण्याने जे साधते ते फलकांनी साधत नाही. मात्र तशी गळ कोणाला घालू नये; त्या व्यक्तीने स्वतः पुढे यावे आणि नंतर मन बदलले तर तिला सहज माघार घेता यावी.

फुगलेल्या पोटाची, खंगलेल्या रुग्णांची छायाचित्रे दाखवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. अशा चित्रांनी दचकलेला माणूस तपासणीच्या रांगेत उभा राहण्याऐवजी विषयच टाळतो. सांगण्यासारखे आशादायक पुष्कळ आहे. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसून आले. लशीने कर्करोग टळतो, हे माणसांमध्ये सिद्ध झाल्याचे हे पहिले मोठे उदाहरण आहे आणि ते ऐकल्यावर लोकांचा चेहरा बदलतो.

निमंत्रणाचा मजकूर छोटा ठेवावा. उदाहरणार्थ, मोबाइलवर असा संदेश पुरेसा होतो : ‘१८ वर्षांवरील प्रत्येकाने आयुष्यात निदान एकदा हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी करून घ्यावी. तब्येत ठणठणीत असली तरी करावी. उपाशीपोटी येण्याची गरज नाही. रिपोर्ट फक्त तुमच्याच हातात मिळेल. पॉझिटिव्ह आल्यास पुढच्या डॉक्टरांची भेट ठरवून दिली जाईल; लस घेतलेली नसल्यास ती देण्याची सोय आहे.’ यातले ‘प्रत्येकाने’ हा शब्द गाळू नये. केवळ ‘धोका असलेल्यांनी’ यावे असे लिहिले, की येणारा प्रत्येक जण आपोआप संशयित ठरतो आणि मग कोणीच येत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्रांनीही २०२३ साली सर्व प्रौढांनी आयुष्यात किमान एकदा ही तपासणी करावी, अशी शिफारस केली आहे. सर्वांना बोलावून झाल्यावर ज्यांच्यासाठी तपासणी विशेष तातडीची आहे त्यांच्याकडे वेगळे जावे : गरोदर स्त्रिया, संसर्ग असलेल्यांचे नातेवाईक, घरात यकृताचा कर्करोग किंवा सिरॉसिस झालेले लोक, डायलिसिसवरील रुग्ण, एचआयव्ही असलेले लोक, सुईने नशा करणारे लोक आणि केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होणार असलेले रुग्ण. शेवटच्या गटाविषयी फारसे बोलले जात नाही. या औषधांमुळे दबून असलेला विषाणू अचानक उसळून यकृत निकामी होऊ शकते, म्हणून औषध सुरू होण्याआधी तपासणी व्हावी लागते.

संसर्गाचे मार्ग सांगताना नेमके बोलावे. हा विषाणू रक्तातून, लैंगिक संबंधांतून आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला होतो. शरीराबाहेर तो किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो, म्हणून दाढीचे पाते, टूथब्रश, नखे कापण्याचे साधन आणि सुई यांचा सामाईक वापर टाळायचा असतो, तसेच गोंदण किंवा कान टोचण्यासाठी निर्जंतुक साधनांचाच आग्रह धरायचा असतो. एकत्र जेवणे, ताट-वाटी सामाईक असणे, मिठी मारणे, खोकला, शिंक, पाणी यांतून तो होत नाही, आणि आईने स्तनपान बंद करण्याचे कारण नसते. ताट-वाटी वेगळी ठेवावी का, हा प्रश्न कोणी विचारला नाही, तरी त्याचे उत्तर स्वतःहून द्यावे, कारण घरोघरी माणसाला वेगळे काढण्याची सुरुवात तेथूनच होते.

तपासणीच्या दिवशी

जागतिक हिपॅटायटिस दिन २८ जुलैला असतो. हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा शोध लावून १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे बारूक ब्लूमबर्ग यांचा तो जन्मदिवस. हा दिवस निवडण्यास हरकत नाही, परंतु तारीख ठरवताना लशीचे वेळापत्रक समोर ठेवावे. प्रौढांना दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या लशीच्या तीन मात्रा ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. म्हणजे २८ जुलैला पहिली मात्रा दिली तर दुसरी ऑगस्टच्या शेवटी आणि तिसरी जानेवारीच्या शेवटी येते. त्या दोन तारखांना जागा, परिचारिका आणि लस मिळणार असेल, तरच ती तारीख पक्की करावी.

तपासणी दोन प्रकारे होते. झटपट चाचणीत बोटाला टोचून आलेला रक्ताचा थेंब पट्टीवरच्या खाचेत टाकतात, त्यावर द्रावण सोडतात आणि बहुधा १५ ते २० मिनिटांत रेघा उमटतात. ‘सी’ अक्षरासमोरची रेघ चाचणी नीट चालली एवढेच सांगते. ती उमटली नाही तर ती पट्टी बाद धरून नव्या पट्टीवर पुन्हा चाचणी करावी लागते. ‘टी’ समोरची रेघ कितीही फिकट असली तरी ती उमटली आहे असेच धरायचे असते, आणि पाकिटावर दिलेल्या वेळेनंतर पट्टी वाचायची नसते. ही चाचणी फक्त एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या आवरणातील एक प्रथिन (प्रतिजन), शोधते. पॉझिटिव्ह निकालाची खात्री प्रयोगशाळेत करून घ्यावीच लागते.

शक्य असेल तेथे शिरेतून रक्त घेऊन तिन्ही चाचण्या एकत्र कराव्यात. एचबीएसएजीवरून सध्या संसर्ग आहे का हे कळते, अँटी-एचबीएसवरून संरक्षण तयार झाले आहे का हे कळते आणि एकूण अँटी-एचबीसीवरून विषाणूशी पूर्वी कधी गाठ पडली होती का हे कळते. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्या व्यक्तीला लशीची गरज आहे. केवळ अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर ते सामान्यतः लशीचे संरक्षण असते. अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी दोन्ही पॉझिटिव्ह आणि एचबीएसएजी निगेटिव्ह असेल, तर संसर्ग होऊन गेलेला असतो; अशा व्यक्तीनेही ही माहिती आयुष्यभर डॉक्टरांना सांगावी. एकट्या अँटी-एचबीसीचा अर्थ कार्यकर्त्याने लावू नये, तो डॉक्टरांवर सोडावा. येथे एक व्यावहारिक सूचना महत्त्वाची आहे : त्याच दिवशी लस देणार असाल तर आधी रक्त घ्यावे आणि मगच लस टोचावी, कारण लशीनंतर काही दिवस एचबीएसएजी तात्पुरती पॉझिटिव्ह दिसू शकते आणि एका निरोगी माणसाची विनाकारण झोप उडते.

निकाल सांगताना

निकाल प्रत्येकाला स्वतंत्र खोलीत, एकट्याला सांगावा आणि निगेटिव्ह असो वा पॉझिटिव्ह, प्रत्येकाला सारखाच वेळ द्यावा. निगेटिव्हवाले दोन मिनिटांत बाहेर आणि पॉझिटिव्हवाले पंधरा मिनिटांनी बाहेर येऊ लागले, तर बाहेर बसलेल्यांना कागद न पाहताही निकाल कळतो. निगेटिव्ह आलेल्यांशी लशीविषयी आणि घरातील इतरांच्या तपासणीविषयी बोलायचे भरपूर असते, त्यामुळे हा वेळ वाया जात नाही.

पॉझिटिव्ह निकाल सांगताना सुरुवात आकड्यांनी करू नये. सावकाश, साध्या शब्दांत असे सांगता येईल : ‘तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आढळला आहे. म्हणजे तुम्हाला कर्करोग झाला आहे, असा याचा अर्थ नाही. विषाणू किती सक्रिय आहे आणि यकृत कसे आहे हे पाहण्यासाठी आणखी काही तपासण्या लागतील. त्यासाठी गुरुवारी सकाळी या डॉक्टरांकडे तुमची वेळ घेतली आहे. सोबत यायला आमच्यापैकी कोणी हवे आहे का?’ एवढे बोलून थांबावे आणि समोरच्याला बोलू द्यावे. बहुतेकांचा पहिला प्रश्न आपल्या मुलांविषयी किंवा जोडीदाराविषयी असतो, यकृताविषयी नसतो. त्यांची तपासणी आणि गरज असल्यास लस कशी होईल, हे लगेच सांगितले की माणूस सावरतो. भावंडांची आणि आईची तपासणीही त्याच भेटीत सुचवावी.

‘तुम्ही नुसते वाहक आहात, काही करायला नको’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून जाऊ नये. एचबीएसएजी ६ महिन्यांहून अधिक काळ पॉझिटिव्ह राहिली तर संसर्ग दीर्घकालीन मानला जातो. अशा प्रत्येकाला लगेच गोळ्या लागतात असे नाही. एएलटी (यकृताला होणारी इजा दाखवणारी रक्ततपासणी), विषाणूचे प्रमाण आणि यकृताचा टणकपणा पाहून डॉक्टर निर्णय घेतात. नियमित लक्ष ठेवणे मात्र प्रत्येकाला आवश्यक आहे, कारण आज शांत असलेला संसर्ग पुढे सक्रिय होऊ शकतो. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर ही औषधे विषाणूला दाबून ठेवतात आणि कर्करोगाचा धोका कमी करतात. पण विषाणू सहसा पूर्ण नाहीसा होत नाही आणि धोका शून्यावर येत नाही. बरे वाटते म्हणून गोळ्या मनाने बंद केल्यास संसर्ग जोराने उलटू शकतो, हे औषध सुरू होतानाच बजावून सांगावे. दारू पूर्णपणे टाळावी, आणि यकृत साफ करण्याच्या नावाने विकली जाणारी चूर्णे व काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांतील काहींमुळे यकृतालाच इजा होते.

सिरॉसिस झालेल्यांना, घरात यकृताचा कर्करोग झालेल्यांना आणि वय व इतर कारणांमुळे जोखीम वाढलेल्यांना डॉक्टर दर ६ महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात. सोबत अनेकदा एएफपी ही यकृताच्या कर्करोगाचा सुगावा देऊ शकणारी रक्ततपासणी असते. गाठ लहान असताना सापडली, तर शस्त्रक्रिया, गाठ जाळून नष्ट करणे किंवा यकृत प्रत्यारोपण यांतून ती पूर्ण बरी होण्याची शक्यता असते. गरोदर स्त्री पॉझिटिव्ह आढळल्यास प्रसूती होणार असलेल्या रुग्णालयाला आधी कळवणे आवश्यक आहे. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लशीची पहिली मात्रा मिळायला हवी. उपलब्ध असेल तेथे इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही देतात, आणि आईच्या रक्तात विषाणूचे प्रमाण खूप असल्यास गरोदरपणातच तिला टेनोफोव्हिर सुरू करतात.

नंतरची नोंद

कामाचा हिशेब किती जण सभेला आले यावर मांडू नये. पाच गोष्टींची नोंद पुरेशी आहे : किती जणांची तपासणी झाली, किती जणांनी निकाल घेतला, पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष डॉक्टरांपर्यंत पोहोचले, घरातील किती जणांची तपासणी झाली आणि लशीच्या तिन्ही मात्रा किती जणांच्या पूर्ण झाल्या. तिसऱ्या आकड्यात गळती दिसली, तर पुढची बैठक घेण्याआधी ती का झाली हे शोधावे. बहुधा कारण प्रवास, बुडणारी मजुरी, रुग्णालयातील लांब रांग किंवा घरच्यांना सांगण्याची भीती यांपैकी एखादे निघते, आणि यांतील निदान दोन कारणांवर सोबत जाणारा एक स्वयंसेवक पुरेसा ठरतो.

पुढच्या मात्रेची किंवा सोनोग्राफीची आठवण कोणत्या क्रमांकावर आणि कोणत्या वेळी केलेली चालेल, हे त्या व्यक्तीला पहिल्याच भेटीत विचारून वहीत लिहावे. फोन घरातील दुसऱ्या कोणी उचलला, तर आजाराचे, रुग्णालयाचे किंवा तपासणीचे नाव न घेता नंतर फोन करतो एवढेच म्हणावे आणि ठरलेल्या वेळी पुन्हा लावावा.